डोर्नकलचे बिशप अझरय्या

दिल्लीहून मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे, रेल्वेने गेलेल्या वाचकांनी वरंगळ मागे पडल्यावर आणि खम्मम येण्यापूर्वी ‘डोर्नकल जंक्शन’ ही पाटी वाचली असेल. येथून सिंगरेणीच्या कोळसाखाणींच्या मुलखाकडे एक फाटा फुटतो. प्रवाशाच्या दृष्टीने स्थानकाचे महत्त्व एवढेच. परंतु या आडवळणाच्या गावाचे नाव एका काळी लंडन, एडिंबरो आणि जिनीव्हा येथील धर्मपरिषदांत आदराने उच्चारले जात असे. हिंदुस्थानातील अँग्लिकन पंथाच्या इतिहासात बिशपपदावर बसलेला पहिला भारतीय मनुष्य येथे बत्तीस वर्षे बिशप म्हणून राहिला आणि येथेच मातीआड झाला. त्याचे नाव वेदनायगम सॅम्युएल अझरय्या.

आपल्याकडे ख्रिस्ती धर्माविषयीचे कुतूहल बहुधा पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्यापाशी येऊन थांबते. त्यात वावगे काही नाही. ती माणसेच तशी थोर होती. परंतु टिळकांना ज्या प्रश्नाने अखेरपर्यंत अस्वस्थ केले, तोच प्रश्न त्याच काळात दक्षिणेतील एका तरुण तमिळ गृहस्थाने साऱ्या ख्रिस्ती जगापुढे उभा राहून विचारला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. समतेची घोषणा करणारी संस्था आपल्या कचेरीत, आपल्या दिवाणखान्यात आणि आपल्या पगारपत्रकात ती समता कितपत उतरवते, असा तो प्रश्न. अझरय्यांचे चरित्र मला महत्त्वाचे वाटते ते या प्रश्नामुळे. आणि तो प्रश्न पुढे फिरून त्यांच्याच दाराशी आला म्हणून अधिकच.

अझरय्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेळ्ळालनविळै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे खेड्यातील मंडळीचे पाळक. जात नाडार. ताडाच्या झाडावर चढून रस काढणारे म्हणून या समाजाला वरच्या जाती दूर ठेवीत; कित्येक देवळांची दारे त्यांना बंद होती. एकोणिसाव्या शतकात या समाजातील हजारो कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि शिक्षण व व्यापार यांच्या बळावर तो झपाट्याने वर आला. परंतु जातीची आठवण बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही. तिरुनेलवेलीच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ ख्रिस्ती आणि नाडार ख्रिस्ती यांच्यातील तेढ कायमच होती. शाळकरी वयातच अझरय्यांनी सोबत्यांमधील हा जातिभेद कमी व्हावा म्हणून एक मंडळ काढले होते.

पुढे ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गेले. पण अखेरच्या परीक्षेच्या वेळी आजारी पडले आणि पदवी राहिली ती कायमचीच. ज्यांच्या हाताखाली पुढे शेकडो धर्मोपदेशक काम करणार होते, ज्यांना १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली, ते अझरय्या बी. ए. नव्हते. पदवीच्या कागदावर ज्याची नेमणूक व बढती ठरते अशा माझ्यासारख्या मनुष्याला या गोष्टीची थोडी मौज वाटते.

१८९५ पासून ते यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे चिटणीस झाले. १८९८ मध्ये त्यांचे लग्न अन्बु मरियम्माळ यांच्याशी झाले. अन्बु या शब्दाचा तमिळ अर्थ प्रेम. कॉलेजचे शिक्षण घेतलेल्या दक्षिणेतील पहिल्या ख्रिस्ती स्त्रियांपैकी त्या एक होत्या. हे लग्न हुंडा न घेता झाले. त्या काळच्या तिरुनेलवेलीत ख्रिस्ती घरांतसुद्धा ही साधी गोष्ट नव्हती.

१९०२ साली अझरय्या श्रीलंकेतील जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशाने आपला माणूस धर्मप्रचारासाठी समुद्रापलीकडे तमिळ मुलखात पाठवीत होते. तिरुनेलवेलीची मंडळी त्यांच्याहून मोठी आणि जुनी, परंतु ती सारे काही इंग्लंडातून येईल म्हणून हात पसरून बसलेली. ही लाज त्यांच्या मनाला फार लागली. दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन केली, आणि २५ डिसेंबर १९०५ रोजी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीच्या ग्रंथालयात नॅशनल मिशनरी सोसायटीचा पाया घातला गेला. (हे श्रीरामपूर पूर्वीच्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले हुगळीकाठचे.) माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि व्यवस्था भारतीय, हे तिचे सूत्र. १९०५ हे वंगभंगाचे आणि स्वदेशीचे वर्ष. मँचेस्टरच्या कापडाची होळी करणारे तरुण आणि श्रीरामपुरात जमलेले हे प्रार्थनाशील गृहस्थ एकमेकांना कदाचित ओळखीत नसतील, पण वारा एकच होता.

इंडियन मिशनरी सोसायटीने कामासाठी निजामच्या राज्यातील डोर्नकलचा परिसर निवडला होता. चिटणिसाने केवळ पत्रे लिहावीत आणि दुसऱ्यांना रानात पाठवावे, हे अझरय्यांना पटेना. १९०९ मध्ये दीक्षा घेऊन ते स्वतः डोर्नकलला गेले. मातृभाषा तमिळ, लोक तेलुगू. पस्तिसाव्या वर्षी ते नवी भाषा शिकायला बसले. आपले गाव सोडून दूरच्या प्रांतात संसार मांडलेल्या वाचकांना या कष्टाची कल्पना मी काय द्यावी!

पुढच्याच वर्षी, जून १९१० मध्ये, एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधी, आणि त्यांत आशिया खंडातून आलेले विसाच्या आतच. अझरय्यांना विषय दिला होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधील सहकार्याचा. असा विषय मिळाला की वक्त्याने उपकारांचे स्मरण करावे, दोन-चार सौम्य सूचना कराव्यात आणि खाली बसावे, असा सर्वत्र रिवाज आहे. अझरय्यांनी उपकारांचे स्मरण केले आणि मग नेमके मर्मावर बोट ठेवले. मिशनरी आणि त्याचा भारतीय सहकारी यांचे नाते पगार देणारा मालक आणि पगार घेणारा नोकर असे आहे. जोवर ते तसे आहे तोवर सहकार्य हा शब्द पोकळ आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मिशनऱ्यांनी आपली संपत्ती आणि आपले देहसुद्धा या देशासाठी दिले, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आणि शेवटी मागितले ते एवढेच की, आता आम्हाला मित्र द्या.

सभेत टाळ्या झाल्या आणि काही कपाळांवर आठ्याही चढल्या. या भाषणाला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. परंतु त्या विशाल परिषदेतील सारे ठराव व अहवाल ग्रंथालयांत धूळ खात पडले असताना अझरय्यांची ती मागणी मात्र अजून उद्धृत केली जाते. त्यांनी जागा मागितली नव्हती, अधिकार मागितला नव्हता, वेतनवाढही मागितली नव्हती. जे हुकमाने देता येत नाही तेच मागितले होते. टिळकांचे दुःख याहून निराळे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडण्याचा जो निर्णय त्यांनी घेतला, त्यामागे हीच तळमळ होती. एकाने संस्थेच्या आत राहून ती बोलून दाखविली, दुसऱ्याने बाहेर पडून.

मैत्री मिळाली किंवा नाही ते पाहू. पण पद मात्र मिळाले. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड, तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे वडील बंधू, यांनी अझरय्यांना बिशप करण्याचा आग्रह धरला. विरोध दोन्ही बाजूंनी झाला. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांना भारतीय वरिष्ठाची कल्पना सोसवेना. आफ्रिकेतील सॅम्युएल क्राउदर यांचे उदाहरण लोकांच्या स्मरणात होते. १८६४ मध्ये ते पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले, परंतु वृद्धापकाळी तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या कारभारावर ठपके ठेवून त्यांचा अपमान केला, आणि १८९१ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या जागी गोरा बिशप आला. दुसरा विरोध आमच्याच लोकांचा. नाडार जातीचा मनुष्य बिशप व्हावा, हे वरच्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकांना रुचले नाही.

याखेरीज एक कायद्याची अडचण होती, आणि फायलींच्या सहवासात दिवस घालवणाऱ्याला ती विशेष रंजक वाटावी. हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च हे त्या वेळी जवळजवळ एक सरकारी खातेच होते. १८१४ मध्ये कलकत्त्याला, १८३५ मध्ये मद्रासला आणि १८३७ मध्ये मुंबईला बिशप नेमले गेले ते राजाच्या सनदेने, आणि त्यांचे वेतन निघे ते या देशाच्या महसुलातून. लष्कराचे व गोऱ्या वस्तीचे धर्मगुरू सरकारी नोकर. अशा व्यवस्थेत भारतीय बिशप नेमला तर त्याचा हुकूम गोऱ्या धर्मगुरूवर चालेल काय? तोड निघाली ती भूगोलाची. डोर्नकल ब्रिटिश हद्दीत नव्हते, निजामच्या राज्यात होते. तेथे सनदेचा प्रश्न येत नव्हता आणि गोऱ्यांची वस्तीही नगण्य होती. मद्रासच्या बिशपांचे सहायक म्हणून अझरय्यांना अभिषेक करावा आणि डोर्नकलचा छोटा प्रांत त्यांच्याकडे सोपवावा, असे ठरले. तत्त्व मान्य करायचे, पण ज्या ठिकाणी ते कोणालाच टोचणार नाही अशी जागा त्यासाठी शोधायची, ही राज्यकर्त्यांची कला फार जुनी आहे, आणि राज्यकर्ते बदलले तरी ती नाहीशी होत नाही.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये अभिषेक झाला. त्याच्या सहाच दिवस आधी दिल्लीच्या चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला होता. एकाच आठवड्यात साम्राज्याच्या जुन्या राजधानीत एका भारतीयाच्या हाती बिशपचा दंड दिला जात होता आणि नव्या राजधानीत साम्राज्याच्या प्रतिनिधीच्या जखमा शिवल्या जात होत्या. अझरय्या क्रांतिकारकांच्या बाजूचे मुळीच नव्हते. ब्रिटिश राज्याविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती आणि काँग्रेसच्या चळवळीपासून ते दूरच राहिले. राष्ट्रीय चरित्रकारांनी त्यांची उपेक्षा केली ती बहुधा याचमुळे.

गैरसोय टाळण्यासाठी निवडलेला तो कोपरा अझरय्यांनी पाहता पाहता मोठा केला. १९२० नंतर कृष्णा-गोदावरीच्या ब्रिटिश मुलखातील तेलुगू मंडळ्याही त्यांच्या अधिकाराखाली आल्या, आणि जे टाळायचे होते तेच घडले. इंग्रज मिशनरी एका भारतीय बिशपच्या हाताखाली काम करू लागले. १९३५ च्या सुमारास त्यांच्या प्रांतात सुमारे २५० दीक्षित भारतीय धर्मोपदेशक आणि २००० हून अधिक ग्रामशिक्षक होते. पुढे ख्रिस्तीजनांची संख्या दोन लाखांवर गेली. यांतील बहुसंख्य लोक माला आणि मादिगा या अस्पृश्य जातींचे. आपल्याकडील महार आणि मांग यांची आठवण व्हावी, असेच त्यांचे गावगाड्यातील स्थान.

अझरय्यांचा दिवस बैलगाडीत आणि तंबूत जाई. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, मी शुभवर्तमान सांगितले नाही तर माझी धडगत नाही, अशा अर्थाची प्रतिज्ञा करावी, असा त्यांनी पाठ घातला. ज्याला काल गावाच्या विहिरीवर उभे राहू देत नव्हते, त्याला आज सांगितले जात होते की तू नुसता घेणारा नाहीस, तुझ्यापाशी दुसऱ्याला देण्यासारखे काही आहे. त्या प्रतिज्ञेतील धर्मसिद्धान्त मान्य असो वा नसो, तिने माणसाची मान कशी ताठ केली असेल हे समजण्यास ख्रिस्ती असण्याची गरज नाही. घाण, रोगराई, कर्ज आणि दारू हे चार शत्रू ते प्रत्येक खेड्यात मोजून दाखवीत. सहकारी पतपेढ्या, दवाखाने, छापखाना, मुलींच्या शाळा ही सारी कामे याच दृष्टीने उभी राहिली. स्त्रियांमधील कामाचा भार अन्बु यांच्याकडे होता, आणि बिशपइतकीच त्यांचीही दगदग होती.

उपासनेचे रूप त्यांनी जाणूनबुजून देशी ठेवले. तेलुगू चालींवरील पदे, गावच्या जत्रेसारखे उत्सव आणि नदीत बाप्तिस्मा. डोर्नकलचे कॅथीड्रल उभे राहण्यास अनेक वर्षे लागली. ६ जानेवारी १९३९ रोजी त्याची प्रतिष्ठा झाली. त्याचे दगडी खांब देवळाच्या मंडपातल्यासारखे आहेत आणि त्यांवर कमळे कोरली आहेत. घुमट व मनोरे मशिदीची आठवण देतात. मद्रासच्या किंवा कलकत्त्याच्या इंग्रजी धाटणीच्या चर्चशेजारी या वास्तूचे चित्र ठेवून पाहावे, म्हणजे एडिंबरोच्या वक्त्याला काय म्हणायचे होते ते दगडात वाचता येते.

परंतु इतक्या मोठ्या प्रमाणावर धर्मांतर होत असताना राजकारण दूर राहणे शक्य नव्हते. अस्पृश्यतानिवारण हे हिंदू समाजाचे प्रायश्चित्त आहे, त्यात मिशनऱ्यांनी घाऊक बाप्तिस्म्यांची घाई करू नये, हे गांधीजींचे मत सर्वश्रुत आहे. नवख्रिस्तींचे बदललेले जीवन पाहून स्पृश्य जातींचे लोकही चर्चमध्ये येत आहेत, असे अझरय्या सांगत. १९३६-३७ च्या सुमारास गांधीजींनी ‘हरिजन’मधून अशा दाव्यांविषयी उघड शंका घेतली. दोघेही प्रामाणिक, दोघेही साधे राहणारे, दोघेही खेड्यांत वावरणारे. तरीही हा वाद वाचताना मन उदास होते. माला आणि मादिगा यांना कशाची ओढ आहे, ते कशाने फसतात, त्यांचे खरे हित कशात आहे, हे दोन मोठी माणसे परस्परांना सांगत होती. ज्यांच्याविषयी हे चालले होते त्यांचा आवाज त्यात जवळजवळ ऐकू येत नाही. मला विचाराल तर या बाबतीत गांधीजी अधिक चुकले. कारण मनुष्य भुकेला आहे म्हणून त्याला धर्म कळत नाही, हे गृहीत धरणे त्याच्यावर अन्याय करणे होय.

दुसऱ्या एका प्रश्नावर मात्र अझरय्या आणि राष्ट्रीय पक्ष अनपेक्षितपणे एका बाजूला आले. १९३२ च्या जातीय निवाड्याने ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याचा लाभ ज्यांना होणार त्यांत त्यांची मंडळी होती, तरीही अझरय्यांनी त्याला विरोध केला. चर्च ही आपल्या वाट्याच्या भाकरीसाठी भांडणारी एक जमात होऊन बसेल, आणि मग तिच्यापाशी शेजाऱ्याला सांगण्यासारखे काहीच उरणार नाही, ही त्यांची भीती. स्वतःच्या लोकांना मिळणाऱ्या जागांविरुद्ध बोलणारा पुढारी तेव्हाही विरळाच होता.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. देशभरच्या धर्मपुढाऱ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले. त्यानंतर अझरय्या आणि आंबेडकर यांची जी भेट झाली तिची हकीकत चर्चच्या इतिहासात सांगितली जाते ती अशी. आंबेडकरांनी विचारले की, आम्ही अस्पृश्य निदान देशभर एक आहोत. ख्रिस्ती झालो तर तुमच्या निरनिराळ्या पंथांत वाटले जाऊन आमची फाळणी होणार नाही कशावरून? अझरय्यांपाशी उत्तर नव्हते. इतकी शरम आपल्याला पूर्वी कधी वाटली नव्हती, असे ते पुढे सांगत.

एडिंबरोला त्यांनी इंग्रजांना जे विचारले होते त्याच जातीचा हा प्रश्न आता त्यांना विचारला गेला. पंथभेद ही युरोपची भांडणे होती आणि ती येथे आणून लावली गेली, असे म्हणून सुटता आले असते. पण त्यांच्या स्वतःच्या प्रांतात माला आणि मादिगा यांच्यातील जुनी चुरस बाप्तिस्म्यानंतरही टिकून होती. धर्मोपदेशकांत मालांचा भरणा अधिक, आणि त्याबद्दल मादिगांची कुरकुर. अझरय्यांचा स्वभाव पित्यासारखा प्रेमळ आणि पित्यासारखाच हुकमी होता. तक्रार करणाऱ्याला ते जवळ घेत, पण निर्णय आपल्या हाती ठेवीत. वरच्याकडून मैत्रीची अपेक्षा करणाऱ्याला खालच्याशी मैत्री करणे तितकेच कठीण जाते, याचा अनुभव कोणत्याही कचेरीतील हेडक्लार्कला असेल.

मात्र शरम वाटली म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. मे १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे जमलेल्या तेहेतीस जणांनी, ज्यांत दोघे सोडून सारे भारतीय होते, पंथ एकत्र आणण्याचा जो जाहीरनामा काढला, त्याचे ते एक सूत्रधार होते. तेव्हापासून पंचवीस वर्षे वाटाघाटी चालल्या. बिशप असावेत की नसावेत, कोणाची दीक्षा खरी आणि कोणाची अपुरी, यावर इंग्लंडातील पंडितांनी रीमच्या रीम कागद खर्ची घातले. आमच्या देशात एकत्र येणे हा पांडित्याचा विषय नाही, जगण्यामरण्याचा आहे, हे अझरय्या त्यांना विलायतेस जाऊन सांगत राहिले. समेटाचा मसुदा मंजूर होण्याची वाट पाहतच १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे त्यांचे देहावसान झाले.

१९१२ पासून त्या दिवसापर्यंत, म्हणजे सतत बत्तीस वर्षे, हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चमध्ये स्वतंत्र प्रांत सांभाळणारा भारतीय बिशप तो एकटाच होता. काही भारतीय सहायक बिशप झाले, पण प्रांत कोणाच्या हाती दिला गेला नाही. दुसरे नाव आले ते ते वारले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्रावणकोर-कोचीनचे सी. के. जेकब यांचे. स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ अस्तित्वात आले. त्या समारंभाचे अध्यक्षस्थान याच बिशप जेकब यांच्याकडे होते.